निपुत्रिकांची दौलत

घराण्याचा वंश खुंटला म्हणजे त्याच्या दौलतीचें काय होतें, हा प्रश्न आम्हां नागपूरकरांस नवा नाहीं. इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले पोटीं पुत्र नसतां वारले आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें, ही गोष्ट आमच्याकडे शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असते. परंतु याच प्रश्नाचें एक अगदीं निराळें उत्तर आम्हांस इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं मिळालें, तेंही तीन दिवसांच्या धांवत्या मुक्कामांत. आम्ही निघालों होतों केवळ सहलीस. चार चित्रें पाहावीं, तिकडचें अन्न चाखावें, भाड्याची सायकल घेऊन नदीकांठीं भटकावें, इतकाच बेत होता. पण शहराच्या नकाशावर पश्चिमेच्या टोंकास एका पुलाचें नांव 'इंदियानो', म्हणजे 'हिंदी मनुष्य', असें छापलेलें दिसलें. चौकशी करतां तो हिंदी मनुष्य म्हणजे कोल्हापूरचे विशींतले छत्रपति राजाराम महाराज, असें कळलें; आणि मग तिन्ही दिवस आमचें मन त्या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत राहिलें.

फ्लॉरेन्स हें नागपूरच्या मानानें लहान शहर आहे. आमच्या महाल-इतवारीसारखा त्याचा जुना भाग अरुंद गल्ल्यांचा असून तो एका दिवसांत पायीं पालथा घालतां येतो. मध्यें आर्नो नदी वाहते. या शहराच्या अलीकडच्या इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं ती ऐकून नागपूरकराच्या मनांत कांहींतरी हललेंच पाहिजे. इ. स. १८६५ पासून १८७१ पर्यंत फ्लॉरेन्स ही नव्यानें एक झालेल्या इटलीची राजधानी होती. राजधानीस शोभावें म्हणून शहराचा जुना कोट पाडून त्याच्या जागीं रुंद रस्ते काढले गेले व त्यासाठीं मोठें कर्ज झालें. इतक्यांत १८७० च्या सप्टेंबरांत रोम हातीं आलें आणि पुढच्या वर्षीं राजधानी तिकडे गेली. वैभव गेलें, कर्ज मात्र मागें राहिलें. १८७८ सालीं नगरपालिकेचें दिवाळें वाजलें. आमचें नागपूरही १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी होतें. तें राजधानीपण ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं संपलें. दर हिवाळ्यांत अधिवेशनाच्या निमित्तानें कांहीं दिवस त्याची आठवण करून दिली जाते, एवढेंच. ज्या शहरानें राजधानीपण गमावलें आहे त्या शहराचें दुःख तशाच दुसऱ्या शहरास चटकन् उमगतें.

तथापि फ्लॉरेन्सपाशीं असें कांहीं होतें कीं जें राजधानीबरोबर गेलें नाहीं. तें पाहण्यासाठीं पहिल्या दिवशीं आम्ही उफ्फिझी चित्रशाळेंत गेलों. 'उफ्फिझी' या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. मेडिची घराण्यांतील राज्यकर्त्यानें इ. स. १५६० मध्यें वासारी नांवाच्या शिल्पज्ञाकडून सरकारी दप्तरांसाठीं ही इमारत बांधविण्यास आरंभ केला. पुढें तिच्या वरच्या मजल्यावर घराण्याचा कलासंग्रह मांडण्यांत येऊं लागला आणि १७६९ सालीं तो लोकांस खुला झाला. खालीं कारकुनी आणि वर कला, हा संयोग आम्हांस मोठा मौजेचा वाटला.

येथील दालनांचें वर्णन करीत बसणें हा आमचा हेतु नाहीं. तें काम जाणत्यांनीं पुष्कळ वेळां केलें आहे. बोत्तिचेल्लीच्या 'वसंत' या चित्राविषयीं मात्र दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. चित्राच्या मध्यभागीं प्रेमदेवता उभी आहे, एका बाजूस तिघी सख्या पारदर्शक वस्त्रांत हातांत हात गुंफून नाचत आहेत, दुसऱ्या बाजूस फुलांचीं वस्त्रें ल्यालेली वसंतलक्ष्मी ओंजळींतून फुलें उधळीत येत आहे; आणि या सर्वांच्या मागें एक घनदाट बाग असून तिच्या पानोपानीं नारिंगें लटकलेलीं आहेत. जाणकार लोक प्रथम देवतांचे चेहरे पाहतात. आमची दृष्टि प्रथम नारिंगांवर गेली. मृग-आंबिया बहाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मनुष्याचा हा दोष असेल तर तो आम्हांस कबूल आहे. पण पांचशें वर्षांपूर्वींच्या एका परदेशी चिताऱ्यानें वसंताच्या मागें आपल्या ओळखीचें झाड लावावें, याचा जो आनंद आम्हांस झाला तो सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथानें झाला नसता.

हें चित्र अद्यापि फ्लॉरेन्समध्यें आहे, याचें श्रेय एका निपुत्रिक बाईस आहे. इ. स. १७३७ मध्यें मेडिची घराण्याचा शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने निःसंतान वारला. राज्य कोणाकडे जावें हें युरोपांतील बड्या सत्तांनीं आधींच आपसांत ठरवून टाकिलें होतें. तें लॉरेनच्या फ्रान्सिस नांवाच्या परक्या राजपुत्राकडे गेलें. मृताची बहीण आन्ना मारिया लुईझा ही विधवा होती व तिलाही अपत्य नव्हतें. राज्य राखणें तिच्या हातीं नव्हतें. परंतु घराण्यानें तीन शतकें जमविलेलीं चित्रें, पुतळे, ग्रंथ व रत्नें हीं मात्र तिचीं होतीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तिनें नव्या राजाशीं करार केला. हा सर्व संग्रह तिनें राज्याच्या स्वाधीन केला, पण अट अशी घातली कीं त्यांतील एकही वस्तु फ्लॉरेन्सच्या बाहेर नेतां कामा नये. कारण ती राज्याचें भूषण, लोकांचा उपयोग आणि परक्यांचें कुतूहल यांसाठीं आहे. ती १७४३ मध्यें वारली. तिच्याबरोबर घराणें संपलें, दौलत मात्र जागच्या जागीं राहिली. शहरच तिचें वारस झालें.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें नागपूर उभें राहिलें नसतें तरच नवल. रघूजींच्या मागें राणीवशांत बायका होत्या. त्यांत वृद्ध बांकाबाईंसारखी राजकारणाच्या उन्हापावसांतून गेलेली स्त्री होती. दत्तकाचा हक्क मान्य करावा म्हणून त्यांनीं आपल्याकडून खटपट केली. पण डलहौसीच्या सरकारनें तो मानला नाहीं, आणि राज्याबरोबर खासगी दौलतीवरही हात टाकला. हत्ती, घोडे, बैल मातीमोलानें विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलांवांत काढलें गेलें. काळ्या दगडाचा आणि अप्रतिम लांकडी नक्षीचा भोसल्यांचा जुना राजवाडा तेवढा राहिला होता, तोही १८६४ सालीं आगींत गेला. भोसल्यांच्या आश्रयानें नागपुरांत सचित्र पोथ्या तयार होत असत. ज्या कारागिरांच्या पिढ्यांनीं हें रंगकाम केलें त्यांची चितार ओळ महालांत अजून आहे आणि भाद्रपदांत तेथील गणपति गांवभर जातात. हात शिल्लक राहिले. त्या हातांनीं पूर्वी केलेलें काम बहुतेक पांगलें.

आन्ना मारियाच्या करारास मान देणारा राजा भेटला आणि बांकाबाईंच्या अर्जास केराची टोपली भेटली, हा दैवाचा भेद आहे, हें आम्ही विसरत नाहीं. पराभूतांस तुम्ही शहाणपण कां केलें नाहीं असें विचारणें सोपें असतें. तरीही एक गोष्ट शिल्लक राहतेच. त्या बाईनें राज्य आणि ठेवा या दोन गोष्टी मनांत वेगळ्या केल्या; पहिली जाणारच हें ओळखून दुसरीसाठीं स्पष्ट शब्दांत लिहून घेतलें. आपल्याकडे राजा, राज्य आणि जामदारखाना हीं एकाच दोरींत बांधलेलीं होतीं. दोरी तुटली तशीं तिन्ही एकदम गेलीं.

या चित्रांच्या रक्षणांत आपल्या लोकांचाही कांहीं वांटा आहे, हें येथें सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत उफ्फिझींतील चित्रें शहराबाहेर ठिकठिकाणच्या वाड्यांत हलविलेलीं होतीं. १९४४ च्या उन्हाळ्यांत दोस्तांच्या फौजा फ्लॉरेन्सच्या जवळ आल्या तेव्हां मोंतेगुफोनी येथील वाड्यांत 'वसंत' हें चित्र इतर कित्येक चित्रांसह आठव्या हिंदी डिव्हिजनच्या सैनिकांच्या ताब्यांत सांपडलें. मराठा पलटणीची एक बटालियन याच डिव्हिजनमध्यें होती. सातारा-नगरकडचीं शेतकऱ्यांचीं पोरें तोफांच्या आवाजांत या दौलतीच्या आसपास पहाऱ्यास उभीं राहिलीं असतील, तेव्हां आपण काय राखीत आहों हें त्यांस कोणी सांगितलें असेल काय, हा विचार आमच्या मनांत आला. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या राजांचे जामदारखाने लुटले गेले, त्यांनीं दुसऱ्याचा ठेवा शाबूत परत केला. इतिहास असा व्यवहार पुष्कळदां करतो.

दुसरा दिवस बराचसा गल्लीबोळांत आणि खाण्यापिण्यांत गेला. फ्लॉरेन्सकडील पावांत मीठ नसतें. पहिल्या घांसास तो पाव आजाऱ्याचें पथ्य वाटतो. पण त्याची खरी किंमत तो शिळा झाल्यावर कळते. काळसर पानांची कोबी, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव एकत्र शिजवून दाट केलेली 'रिबोल्लिता' नांवाची एक आमटी तेथें हिवाळ्यांत करतात. या नांवाचा अर्थच 'पुन्हां उकळलेली' असा आहे. पानांत वाढल्यावर तिच्यावर जैतुनाचें कच्चें तेल धार धरून सोडतात. ती धार पाहतांच आम्हांस घरच्या वडाभाताची आठवण झाली. भातावर वडे कुस्करावेत आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी ओतावी, हा आमच्याकडील सणाचा थाट. त्यांची आमटी गरिबाच्या घरची. आमचें तेल बोलतें, त्यांचें मुकें असतें. पण कोरड्या अन्नास वरून तेल देऊन श्रीमंत करण्याची युक्ति दोन्हीकडे एकच. तें अन्नही शिळ्यापाक्याची दौलत करणाऱ्या बायकांनींच राखलें आहे. त्याचा करार कोणी लिहून ठेविला नाहीं, इतकाच काय तो फरक.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं सायकली घेऊन आम्ही आर्नोच्या उजव्या कांठानें पश्चिमेकडे निघालों. लहानपणीं महालांतून सीताबर्डीपर्यंत आणि जुम्मा तलावाभोंवतीं सायकल दामटल्यास कित्येक वर्षें झालीं होतीं. पण पाय विसरले नव्हते. या शहराचा सायकलीशीं संबंध जुना आहे. ता. २ फेब्रुवारी १८७० रोजीं फ्लॉरेन्स ते पिस्तोया अशी ३३ किलोमीटरांची शर्यत झाली. इटलींत रस्त्यावरून झालेली ती पहिली सायकल-शर्यत. ती एका अमेरिकन पोरानें जिंकली. शहर राजधानी होतें, कोट पडत होते, नवीन रस्ते होत होते आणि तरुण माणसें दोन चाकांवर बसून गांवाबाहेर धांवत होतीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दुसरा एक तरुण या शहरांत आला. पण त्याच्या नशिबीं येथून बाहेर जाणें नव्हतें.

नदीकांठचें हें लांबलचक उद्यान 'काश्शिने' या नांवानें ओळखलें जातें. या शब्दाचा अर्थ गाईगुरांचे गोठे; पूर्वीं येथें मेडिचींचा गवळवाडा होता. तेथें उंच झाडांच्या रांगांमधून सरळ वाट जाते. पानगळ चालू होती. चाकांखालीं वाळलेलीं पानें चुरचुरत होतीं. उद्यान संपतें तेथें मुन्योने नांवाचा लहानसा प्रवाह आर्नोस मिळतो. त्या संगमापाशीं झाडांच्या मोकळ्या जागेंत एकाएकीं आपल्या पद्धतीची छत्री दिसते, आणि तिच्याखालीं मंदील व अलंकार धारण केलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा.

राजाराम महाराज हे मूळचे पाटणकर घराण्यांतील नागोजीराव. जन्म ता. १३ एप्रिल १८५०. कोल्हापूरचे महाराज शिवाजी ऊर्फ बाबासाहेब हे त्यांचे मामा. मामांस पुत्र नव्हता. त्यांनीं १८६६ सालीं मृत्यूपूर्वीं भाच्यास दत्तक घेतलें. बारा-तेरा वर्षांपूर्वीं ज्या कारणास्तव नागपूर बुडालें, तेंच कारण येथें उभें होतें. पण १८५७ चा वणवा मध्यें पडून गेला होता, आणि त्यानंतर सरकारनें संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. म्हणून कोल्हापूर वांचलें. ज्या अर्थीं नागपूरचा नाश हा त्या वणव्याच्या कारणांपैकीं एक होता, त्या अर्थीं आमच्या राज्याच्या राखेंतून कोल्हापूरची गादी उबदार राहिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

समुद्र ओलांडणें पातक मानलें जात असतां हे वीस वर्षांचे महाराज १८७० च्या मे महिन्यांत मुंबईहून विलायतेस निघाले. बरोबर कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. इंग्लंडांत त्यांनीं कांहीं महिने काढले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि रोज जें पाहिलें तें स्वतः इंग्रजींत रोजनिशींत लिहून ठेविलें. परततांना फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलेलें असल्यानें बेल्जम-जर्मनीच्या वाटेनें ते आल्प्स ओलांडून इटलींत उतरले. वाटेंत प्रकृति ढांसळली होती, ता. ३० नोव्हेंबर रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला.

आतां त्या परक्या नगरीपुढें एक पेंच पडला. बरोबरच्या मंडळींस आपल्या धर्माप्रमाणें नदीसंगमावर दहन करावयाचें होतें. आणि इटलींत प्रेत जाळण्याची चाल नव्हती. पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वीं, १८२२ त, शेली नांवाच्या इंग्रज कवीचें प्रेत याच प्रदेशाच्या समुद्रकांठीं जाळलें गेलें होतें. पण तें समुद्रांतून वाहत आलेल्या प्रेतांविषयींच्या आरोग्य-नियमास अनुसरून. धर्मविधि म्हणून उघड दहन ही गोष्ट वेगळी होती. फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली. ३० नोव्हेंबर व १ डिसेंबर यांमधील रात्रीं आर्नो-मुन्योनेच्या संगमावर चिता रचली गेली आणि हिंदु विधीनें अग्निसंस्कार झाला. पाहण्यास नागरिक लोटले होते. इटलींत दहनासाठीं बांधलेल्या भट्टींतलें पहिलें प्रसिद्ध दहन मिलान येथें १८७६ सालीं झालें. म्हणजे हा मराठी मुलगा त्याच्या पांच वर्षें आधीं तेथें आपल्या पद्धतीनें पंचत्वांत विलीन झाला होता. ज्या शहरास आपली राजधानी जाणार हें त्या वेळीं कळून चुकलें होतें, त्यानें परक्या राजास आपल्या नदीचा घाट दिला. याहून मोठें आतिथ्य कोणतें?

१८७४ सालीं या जागीं स्मारक झालें. पुतळा फुलर या शिल्पकारानें केला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापुरास गेलेल्या वाचकांनीं मँटसाहेबांचें काम खचित पाहिलें असेल. तेथील नवा राजवाडा त्यांच्याच आराखड्याचा. म्हणजे ज्या हातानें पुढें घराण्यास घर दिलें, त्यानेंच आधीं त्याच्या मृतास छत्री दिली. महाराजांची रोजनिशी वेस्टसाहेबांनीं १८७२ त लंडनांत छापली. कोल्हापुरांत १८८० पासून चालत आलेलें राजाराम कॉलेज त्यांच्याच नांवाचें. गादीवर पुन्हां दत्तक आला; तोही १८८३ सालीं अकालीं गेला; आणि पुढच्या वर्षीं कागलकर घाटग्यांचा जो मुलगा दत्तक घेण्यांत आला त्यास आज सारा महाराष्ट्र शाहू छत्रपति म्हणून वंदन करतो. नागपुरीं दत्तक नाकारला म्हणून राज्य गेलें. कोल्हापुरीं दत्तकांच्या मालिकेच्या शेवटीं शाहू महाराज मिळाले. रक्तानें जें मिळत नाहीं तें कधीं कधीं निवडीनें मिळतें, याचा यापेक्षां मोठा दाखला आम्हांस माहीत नाहीं.

१९७८ मध्यें स्मारकाजवळ नदीवर मोठा पूल झाला आणि त्यासही 'इंदियानो' हेंच नांव मिळालें. रोज हजारों मोटारी त्यावरून जातात. आम्हीं बांकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यास विचारलें, हा पुतळा कोणाचा? त्यानें हंसून तेंच सांगितलें: हिंदी माणसाचा. नांव त्यास ठाऊक नव्हतें. प्रथम आम्हांस वाईट वाटलें. मग आम्ही स्वतःसच विचारलें, कीं नागपुरांत शुक्रवारी भागांतल्या भोसल्यांच्या समाध्यांपैकीं कोणती कोणाची, हें आम्हांस कोणी विचारलें असतें तर आम्ही किती नांवें सांगितलीं असतीं? तीं आमचीं स्वतःच्या गांवचीं माणसें. तो तर सातासमुद्रांपलीकडचा पाहुणा. आम्ही मुकाट्यानें सायकलीवर बसलों.

हें सर्व लिहिण्यास एक खासगी कारणही आहे, तें सांगून लेख संपवितों. आम्ही निपुत्रिक आहों. आजोबांनीं जमविलेलीं दोन कपाटें पुस्तकें व चार हस्तलिखित पोथ्या घरीं आहेत. त्यांतील एकीस चित्रें आहेत, रंग अजून ताजे आहेत. आपल्या मागें यांचें काय, या विचारानें कित्येक वर्षें आम्ही तीं कपाटें उघडण्याचें टाळीत होतों. उघडलें कीं प्रश्न समोर येई. फ्लॉरेन्सहून परतल्यावर पहिल्याच रविवारीं आम्हीं तीं उघडलीं. धूळ झाडली, एकेका पुस्तकाचें नांव वहींत उतरविलें, आणि शेवटीं एक अट लिहिली: हा संग्रह सार्वजनिक जागीं ठेवावा, एकत्र ठेवावा, आणि नागपूरच्या बाहेर नेऊं नये. आन्ना मारियाच्या कराराच्या मानानें ही यादी हास्यास्पद आहे, हें आम्हांस कळतें. परंतु राज्यें राखणें आमच्या हातीं कधींच नव्हतें. यादी करणें होतें. महालांतील ज्या ज्या घरांत अशीं कपाटें बंद आहेत, आणि तीं थोडीं नाहींत, त्यांच्या धन्यांनीं एक रविवार एवढ्या कामास द्यावा, इतकीच आमची विनंति आहे.